ग्रुपमधले ३४० नंबर आणि भाच्याचं नवं ॲप

पत्र थोडक्यात : जुळे सोलापूर भागातल्या एक वाचक घरून शेंगा चटणी, कडक भाकरी आणि शेंगापोळ्या विकतात. हळूहळू ३४० ग्राहक जमले, सगळे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. इन्स्टाग्रामवरही पान आहे, तिथले रील नववीतली मुलगी करते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ग्रुपमधल्या एका माणसानं दुसऱ्या एका ग्राहक बाईंना रात्री-अपरात्री फोन आणि नको ते मेसेज सुरू केले. त्या बाई आता यांनाच जाब विचारतात : माझा नंबर त्याला कुणी दिला? त्यातच घरात मिक्सर बदलायचं बोलणं झालं आणि संध्याकाळी फोनवर मिक्सरच्या जाहिराती सुरू. फोन कान देऊन ऐकतो, अशी त्यांची खात्री झाली आहे. यजमान म्हणतात, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" पुण्यात इंजिनिअर असलेला बहिणीचा मुलगा म्हणतो, "मावशी, हे सगळं बंद कर. आम्ही चौघं मिळून स्वच्छ, देशी ॲप काढतोय. लोक कंटाळलेत, बाजार मोकळा आहे. तू तीन लाख घाल." यांचा प्रश्न : सगळं बंद करू का, सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर जाऊ का, आणि भाच्याला पैसे देऊ का?

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात निकडीची गोष्ट पत्रात जाता जाता येऊन गेली. त्या बाईंचा नंबर. आधी त्याचंच बघू.

तो नंबर कुठल्या कंपनीनं फोडलेला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे तुम्ही ३४० घरांची यादी ३४० जणांच्या हातात ठेवली होती. चादरीच्या दुकानापासून क्लासवाल्यांपर्यंत सगळे हेच करतात, त्यामुळे तुम्हाला एकटीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बाई जाब विचारतात तो बरोबर माणसाला विचारतात.

आजच करायचं ते असं. त्या माणसाचा नंबर आणि ग्रुपमधलं त्याचं नाव यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच त्याला काढा. बाईंना सांगा, मेसेज पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी, ब्लॉक नंतर. रागाच्या भरात पुरावा पुसला जातो आणि पोलिसांत गेल्यावर हात रिकामे राहतात. स्पष्ट नकार देऊनही बाईला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, तिथे महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे. दोघांचेही नंबर तुमच्या ग्रुपमध्ये होते, हे तुम्ही लिहून देण्याची तयारी दाखवा. बाईंना त्याचा खरा आधार होईल.

मग ग्रुप. मेसेज फक्त अॅडमिननं टाकायचे, सदस्य फक्त अॅडमिननं घ्यायचे, या दोन सेटिंग आधी लावा आणि निमंत्रणाची लिंक रीसेट करा. जुनी लिंक कुणाकुणाच्या स्टेटसवर पडून असेल सांगता येत नाही. वैतागून स्वतः ग्रुप सोडू नका. एकटा अॅडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणाला तरी अॅडमिन करतं आणि तुमच्या ३४० ग्राहकांचा ग्रुप तिऱ्हाइताच्या हातात जातो. आधी सगळ्यांना एकेक करून काढायचं, शेवटी आपण निघायचं. काम कंटाळवाणं आहे, दोन संध्याकाळी जातील. ते मुलीच्या गळ्यात घालू नका.

ग्रुपच्या जागी ब्रॉडकास्ट लिस्ट. त्यात तुमचा मेसेज प्रत्येकाला सुटा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणून दोन करा : गावातले एका लिस्टमध्ये, पुण्या-मुंबईला पार्सल जाणारे दुसऱ्या. अडचण एकच, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून ग्रुप मोडण्याआधी असं काहीतरी टाका :

"नमस्कार. आजवर आपण सगळे एका ग्रुपमध्ये होतो, त्यामुळे आपले नंबर एकमेकांना दिसत होते. चूक माझी. हा ग्रुप रविवारी बंद करते. पुढे चटणी-भाकरीची यादी हवी असेल तर माझा नंबर सेव्ह करा आणि मला एकटीला 'हो' पाठवा. 'हो' आलं नाही तर तुमचा नंबर आणि पत्ता मी काढून टाकीन."

तीनशे चाळीसातले सगळे 'हो' म्हणणार नाहीत. जे म्हणणार नाहीत ते बहुधा वर्षभर मागवतही नव्हते. व्हॉट्सॲप चॅनल हाही मार्ग आहे, तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण तो फळा आहे, त्यावर ऑर्डर घेता येत नाही. संक्रांतीला 'शेंगापोळ्या तयार' लिहायला ठीक. ज्यांनी नंबर आधीच पाहिलेत त्यांच्या फोनमधून ते परत येणार नाहीत, हेही त्या बाईंना स्पष्ट सांगा.

आता यजमानांचं वाक्य. तुमच्या घरात लपवण्यासारखं काही नसेलही. पण तुमच्या फोनमध्ये ३४० घरांचे पत्ते आहेत, कोण एकटं राहतं, कोणाकडे दर महिन्याला पार्सल जातं, कोणाचं पैशाचं बाकी आहे. ते झाकायचं की नाही हे ठरवायचा हक्क यजमानांचा नाही. कायदाही आता तेच म्हणतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा घरगुती वापराला सूट देतो, धंद्याला देत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली. तुमच्या पातळीवर त्याचा अर्थ सोपा आहे : कशासाठी घेतो ते सांगून घ्या, लागेल तेवढंच ठेवा, मागितलं की काढून टाका. वरचा 'हो'चा मेसेज त्यातच बसतो. वाढदिवसाच्या तारखा लिहून ठेवल्या असतील तर खोडा. चटणीला त्या लागत नाहीत.

मिक्सरकडे येऊ. फोन चोरून ऐकतो आणि त्यावर जाहिराती दाखवतो, असं पक्कं दाखवून देणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ऐकायची तशी गरजही पडत नाही. घरात बोलणं निघालं तेव्हा कुणीतरी किंमत शोधली असेल, एखाद्या खरेदीच्या साइटवर दोन मिक्सर उघडून बघितले असतील. अशा बऱ्याच साइटमध्ये फेसबुकचा छोटा कोड असतो, तो 'अमुक फोनवर अमुक वस्तू पाहिली' असं कळवतो. आणि नवी पेठेतल्या दुकानात बिल करताना "मोबाइल नंबर?" विचारतात तो आपण घडाघडा सांगतो. दुकानदारांना ग्राहकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवून नेमक्या त्याच लोकांना जाहिरात दाखवायची सोय असते. तुमचा नंबर म्हणजे खतावणीतला खाते क्रमांक झालाय. वेगवेगळ्या वह्यांतल्या नोंदी त्या एका आकड्याखाली जुळतात.

हे फोनवर बघता येतं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकाच मेटा कंपनीचे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', त्यात 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. तुमच्याविषयी कोणत्या ॲपनी आणि साइटनी काय कळवलं याची यादी तिथे असते. यजमानांना ती शेजारी बसवून दाखवा, त्यांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटेल. मग मागचं पुसा आणि 'फ्यूचर ॲक्टिव्हिटी' तोडा. जाहिराती थांबणार नाहीत, फक्त कमी नेमक्या होतील. जाता जाता फोनच्या गूगल सेटिंगमधला ॲड आयडी (जाहिरातवाले ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट करा. आणि दुकानात नंबर विचारला तर "नको, बिल कागदावर द्या" म्हणायला शिका. जड जातं, पण जमतं.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र नेमकी भीती बाळगा, ढोबळ नको. २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर कंपनीला वाचता येत नाही. तुम्ही डबा कापडात शिवून ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसात देता ना, तसं. आत चटणी आहे की काय ते त्यांना दिसत नाही, पण पावतीवर कोणाकडून, कोणाला, कधी, किती वेळा हे सगळं असतं. कंपनीला मोल त्या पावत्यांचं आहे. फेसबुकनं २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यात जाहिराती नव्हत्या. २०२१ मध्ये नवं धोरण 'मान्य करा नाहीतर वापरू नका' अशा थाटात आलं. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. म्हणजे कोणी येऊन वाचवेल, या भरवशावर बसण्यात राम नाही.

तुमच्या बाबतीत धोका कंपनीपेक्षा जवळचा आहे. बरण्यांवरची लेबलं तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात छापत असाल, आणि फाइल पाठवायला तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडत असाल. कोड स्कॅन केला, लेबलं घेतली, निघालो. तो कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडलेलाच राहतो आणि दुकानातल्या पोरालाही तुमचे मेसेज दिसतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे अनोळखी काहीही दिसलं तरी लॉग आउट करा. छपाईची फाइल पुढच्या वेळी पेन ड्राइव्हवर न्या. तसंच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा. नसेल तर कुणी फोनवर गोड बोलून एसएमएसचा कोड काढून घेतला की अख्खं खातं, ३४० ग्राहकांसकट, त्याच्या ताब्यात जातं आणि तो तुमच्या नावानं त्यांच्याकडे पैसे मागतो. पिनमध्ये लग्नाची तारीख नको. शिवाय चॅट बॅकअपमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' वेगळं चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. त्याचा पासवर्ड वहीत लिहा, विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही. आणि व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआय या चॅटबॉटला विचारलेलं कंपनीकडे जातं. ग्राहकाचा हिशेब त्याला करायला सांगू नका.

मुलीच्या रीलबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी लिहितो. धंद्याचं पान सार्वजनिक असतं, ते कुणीही पाहतं. इन्स्टाग्रामवर १६ वर्षांखालच्या मुलांचं स्वतःचं खाते आपोआप खासगी राहतं आणि ते सैल करायला पालकाची परवानगी लागते, पण ती सोय तुमच्या पानावर मुलगी दिसते तिथे लागू पडत नाही. एक जुना रील आवाज बंद करून बघा. शाळेचा गणवेश दिसतो का? गॅलरीतून अपार्टमेंटच्या नावाची पाटी? 'क्लासला जायच्या आधी पटकन' असं ती म्हणते का? हे तीन तुकडे जोडले की ती कधी, कुठून, कुठे जाते हे कळतं. उपाय धंदा बंद करणं नाही. उखळात चटणी कुटणारे हात दाखवा, पाटावर चढत जाणारी भाकरीची चळत दाखवा. चेहरा नसला तरी चटणी विकली जाते. जुने रील कोणते काढायचे हे तिला ठरवू द्या, ते तिचे आहेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातलं ठिकाण निघून जातं, पण तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर राहतं.

सिग्नलवर जायचं का? जा, पण ग्राहकांना ओढत नको. ते येणार नाहीत आणि ऑर्डर दुसरीकडे जातील. घरातला असा एक ग्रुप निवडा जिथे मुलीचे फोटो, आधारची चित्रं, सासूबाईंचे रिपोर्ट फिरतात. पाच-सहा माणसं असतील. तेवढाच हलवा. सेटिंगमध्ये आपला नंबर कुणाला दिसावा ते 'नोबडी' करा. बॅकअप स्वतः चालू करा आणि त्याची लांबलचक किल्ली कागदावर उतरवा. हे राहिलं तर फोन हरवला की सगळं गेलं, आणि मग सासूबाई म्हणणार, "जुनंच बरं होतं." टेलिग्राम त्याच्या जागी धरू नका. तिथले साधे चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड नसतात, फक्त 'सीक्रेट चॅट' असतं.

राहिला भाचा. मुलाचा हेतू चांगला असेल, पण 'बाजार मोकळा आहे' हे त्याचं गृहीतक तपासा. जानेवारी २०२१ मध्ये, त्या नव्या धोरणावरून, लोक व्हॉट्सॲप सोडून खरंच निघाले होते. सिग्नलवर इतकी झुंबड उडाली की ते काही काळ बंद पडलं. तरी बहुतेक जण परतले, कारण शाळा, सोसायटी, दूधवाला सगळे जुन्याच जागी होते. त्याच महिन्यात आपल्याकडचं हाइक मेसेंजर बंद झालं, म्हणजे गिऱ्हाईक दारात असताना दुकानाचं शटर खाली आलं. २०२० मध्ये निघालेलं ट्विटरसारखं देशी ॲप 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपवर लोकांनी उड्या टाकल्या, तेव्हा त्यातले कॉल एंड-टू-एंड होते, साधे मेसेज नव्हते. देशी असणं आणि खासगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकांना पर्याय हवा असतो, पण एकेकट्यानं हलता येत नाही. चहाच्या टपरीवर क्यूआर कोणत्या कंपनीचा आहे हे आपण बघत नाही, कारण यूपीआयमध्ये कोणत्याही ॲपवरून कोणत्याही ॲपवर पैसे जातात. मेसेजचं तसं नाही. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडावं लागलं, आपल्याकडे तसा कायदा नाही. तोवर नव्या सोशल ॲपची लढाई तंत्राची नाही, गर्दीची आहे. आणि गर्दीला खर्च असतो. सिग्नल ही विना-नफा संस्था. व्हॉट्सॲपच्याच एका संस्थापकानं, ब्रायन ॲक्टननं, २०१८ मध्ये त्यात पाच कोटी डॉलर घातले. २०२३ मध्ये सिग्नलनं आपला खर्च जाहीर केला, त्यात नुसत्या एसएमएसनं जाणाऱ्या नोंदणीच्या कोडसाठी वर्षाला सुमारे साठ लाख डॉलर होते. 'फुकट आणि जाहिरातीविना' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच : मग एसएमएसचे पैसे कोण देणार?

त्याच्याकडून उत्तरं लिहून घ्या. पैसे कुठून येणार, आणि आले नाहीत तर जाहिराती घेणार का. उद्या कुणी सर्व्हर उघडला तर त्यात माझं काय सापडेल (सिग्नलकडे जवळपास खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं एवढंच निघतं, ते माप धरा). ॲप बंद पडलं तर माणसांना त्यांचं सामान घेऊन जाता येईल का. आणि तुमचे तीन लाख हे कर्ज, की हिस्सा? 'मावशी, घाल' याला कागद नसतो. कागद होईल तो आधी सीएला दाखवा. ही रक्कम बुडाली तरी घर चालेल का, याचं उत्तर 'नाही' असेल तर देऊ नका. नात्यात वाईटपणा नको असेल तर झेपेल तेवढे, परत न मागायचे म्हणून द्या आणि विषय मिटवा.

त्याला खरंच काही करायचं असेल तर जागा आहे, पण लहान आहे आणि फेसबुकशी तिचा संबंध नाही. तुमच्यासारख्या घरगुती उद्योगांना ऑर्डरवही लागते : कोणी काय मागवलं, पोच कधी, बाकी किती, पार्सलची पावती कुठे. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहील आणि महिन्याला थोडे पैसे तुम्ही स्वतः द्याल, असं ॲप. ते चालायला ३४० जणांनी काही डाउनलोड करावं लागत नाही. पहिली ग्राहक तुम्ही व्हा, पैसे देऊन.

आणि काहीही काढलं तरी तो तुमच्याकडे ग्राहकांची यादी मागणार. नव्या ॲपला सुरुवातीला माणसं लागतातच, त्याचा त्यात दोष नाही. "फक्त नंबर दे मावशी, मी मेसेज टाकतो," असं म्हणेल. यादी देऊ नका. ॲपची लिंक त्याच्याकडून मागून घ्या, ब्रॉडकास्टवर तुम्ही एकदा टाका. ज्यांना यायचं ते स्वतः जातील.